सांडपाणी, शेत आणि शासन

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत एक विषय हमखास आढळतो : सांडपाणी शुद्ध करून ते शेतीस देणे. पिंपात वाळू, खडी व कोळशाचे थर रचायचे, वसतिगृहाचे पाणी त्यातून गाळायचे, आधीची व नंतरची बीओडी मोजायची आणि त्या पाण्यावर कुंडीत मेथी उगवून दाखवायची. प्रयोग उपयुक्त असतो व बहुधा यशस्वीही होतो. या विषयाचा इतिहास मात्र अहवालात दोन-चार ओळींत आटोपला जातो. तो जरा विस्ताराने पाहिला तर असे दिसते, की शुद्धीकरणाचे तंत्र फार पूर्वीच हाती आले होते. अडचण राहिली ती गटारात कोणी काय सोडायचे आणि शेतावर पोहोचलेल्या पाण्याचा जाब कोणी द्यायचा, या प्रशासकीय प्रश्नांची.

मॅंचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट या रसायनज्ञांनी बाटल्यांत मैलापाणी घेऊन त्यात हवा सोडण्याचे प्रयोग केले. प्रथम शुद्धीकरणास सुमारे पाच आठवडे लागले. परंतु खाली बसलेला गाळ फेकून न देता त्याच बाटलीत नवे पाणी ओतत गेल्यावर तेच काम काही तासांवर आले, कारण त्या गाळात जीवाणू वाढलेले होते. १९१४ साली प्रसिद्ध झालेली ही ‘सक्रिय गाळ’ पद्धत आज जगभर वापरात आहे. या प्रयोगांमागे गिल्बर्ट फाउलर यांची प्रेरणा होती आणि हेच फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. तात्पर्य, हे ज्ञान आपल्या देशात येऊन शंभरावर वर्षे झाली.

त्याच सुमारास कोलकात्याच्या पूर्वेस, कोणत्याही यंत्राविना, दुसरी व्यवस्था आकार घेत होती. विद्याधरी नदी गाळाने भरून निकामी झाली, तेव्हा शहराचे सांडपाणी पूर्वेकडील खाजणातून वाहू लागले. तेथील मच्छीमारांनी ते उथळ तळ्यांत, म्हणजे भेड्यांत, घेऊन मासे वाढविले. ऊन, शेवाळ व जीवाणू पाणी स्वच्छ करतात, मासे शेवाळ खातात आणि तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर भात पिकतो. पाणी किती व केव्हा घ्यायचे हे भेडीवाले रंग व वास पाहून ठरवीत. १९८० च्या दशकात राज्य शासनाचे अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या लोकज्ञानाचा अभ्यास करून ते शासनापुढे मांडले. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने या भूमीस संरक्षण दिले. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले आणि २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. शहराचा विस्तार व कारखान्यांचे पाणी ही संकटे तेथेही आहेतच. तथापि शेतकरी व मच्छीमार हे त्या व्यवस्थेचे चालक आहेत. पाणी बिघडले तर ते प्रथम त्यांना कळते.

कानपूरची कथा वेगळी आहे. जाजमऊ भागातील खेडी अनेक दशके शहराच्या मैलापाण्यावर शेती करीत होती. १९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली आणि तिच्या अंतर्गत डच सहकार्याने १९९४ साली येथे दररोज ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले. त्यात २७ दशलक्ष लिटर घरगुती मैलापाणी व ९ दशलक्ष लिटर चामडे कमावणाऱ्या कारखान्यांचे पाणी एकत्र करण्यात आले. हवेविना काम करणारे जीवाणू सेंद्रिय घाण पचवितात, क्रोमियम मात्र पचवू शकत नाहीत. तो गाळात उतरतो आणि उरलेला पाण्याबरोबर शेतात जातो. पीक उतरल्याच्या व त्वचाविकारांच्या तक्रारी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केल्या आणि तपासण्यांत त्या मातीत क्रोमियम आढळला. उभारणीचा खर्च केंद्राने केला होता. चालविण्याचा भार राज्य व स्थानिक संस्थांवर पडला. वीज गेली की केंद्र थांबे, मैल्याचा प्रवाह मात्र थांबत नसे. कारखान्यांच्या पाण्यासाठी स्वतंत्र केंद्राची योजना अखेर ‘नमामि गंगे’त हाती घ्यावी लागली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनाच सिद्धांत दिसतो. कारखानदाराने वाचविलेला खर्च नाहीसा होत नाही. तो प्रवाहाच्या खालच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या नावे चढतो. मैलापाण्यातील नत्र व स्फुरदामुळे त्याचा खतावरील खर्च वाचतो, म्हणून तो ते पाणी नाकारीत नाही. दुसरे पाणी नसले तर नाकारण्याची सोयही नसते. शासन या संमतीला समाधान समजते, ही आपल्या व्यवस्थेतील मोठी चूक आहे.

२०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी दुष्काळी कोलार जिल्ह्याच्या तलावांत सोडले जाऊ लागले. कोरडे तलाव भरले, परंतु आरंभीच एका तलावावर फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पाण्याचा दर्जा कोणी व किती वेळा तपासावा, हा वाद तेथेही उद्भवला. गरज खरी आहे, शंकाही खरी आहे. दोन्हींना न्याय द्यायचा तर तपासणीचे आकडे तलावाकाठच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, कन्नडमध्ये, नियमित लागले पाहिजेत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये अशा सिंचनासाठी जंतांच्या अंड्यांची मर्यादा लिटरला एक अशी सुचविली होती. चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या शेतमजुराचा विचार त्यामागे होता. बीओडीच्या आकड्यातून हा धोका दिसत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी, की प्रकल्पाच्या अहवालात आणखी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : या गटारात घरांखेरीज आणखी कोण पाणी सोडतो? पाचव्या वर्षी विजेचे बिल कोण भरील? आणि पाणी बिघडले तर शेतकऱ्याने कोणाकडे जावे? यांतील अनेक जण पुढे नगरपालिकांत व जलनिगमांत अभियंते होतील. तेव्हा हेच प्रश्न त्यांच्या टेबलावर धारिकेच्या रूपाने येतील आणि उत्तर द्यावे लागेल.