साथ आली कापसाच्या हंगामात

1918 साली पावसानं दगा दिला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची गणना देशातल्या सर्वाधिक मृत्युदराच्या प्रांतांत झाली. घाव बसला तो ऐन कापसाच्या हंगामात. या आजारानं म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा विशी-तिशीतली माणसं जास्त नेली. म्हणजे शेतात राबणारे आणि कापूस वेचणारेच हात.

शंभर वर्षांनी चित्र उलटं होतं. वेचणी उरकलेली, पण विक्री अडलेली.

कोरोनाच्या साथीमुळे 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली. अकोला-अमरावतीतली कापूसखरेदी थांबली, जिनिंगची चाकंही थंडावली. एप्रिलच्या उत्तरार्धात सरकारी खरेदी सुरू झाली, तीही बाजार समितीत नोंदणी करून, दिवसाला मोजक्याच गाड्यांची. पावसाळा तोंडावर आला तरी अनेकांच्या घरात कापूस छतापर्यंत रचलेला. साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते. मग घरधनी अंगणात आणि कापूस खोलीत. पेरणीसाठी बी-बियाणं घ्यायचं, तर पैसा त्याच ढिगात अडकलेला.

वारीचीही रीत बदलली. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. 2021 मध्ये मानाच्या दहा पालख्यांत तिचा समावेश होता, पण त्या वर्षी ती एसटी बसनं, मोजक्या वारकऱ्यांसह गेली. त्याच वर्षी 22 फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली होती. राज्यभर दुसरी लाट उसळायच्या आधीच.