गुडमार

कोकण, सह्याद्रीच्या रांगा आणि तेथून मध्य भारतापर्यंतच्या रानांत झुडपांवर चढणारी काष्ठमय वेल. मराठीत तिला बेडकीचा पाला किंवा कावळी म्हणतात. गुडमार हे हिंदी नाव औषधबाजारामुळे रूढ झाले. मधुनाशिनी हेही तिचेच नाव. शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे. रुई व अनंतमूळ याच कुलातील. पाने समोरासमोर व लवदार, फुले बारीक, पिवळी, झुबक्यांनी येणारी. आयुर्वेदातील मेषशृंगी म्हणजे हीच वेल असे बहुतेक वैद्य मानतात. पण मराठीत मेढशिंगी म्हटले की डॉलिकॅन्ड्रोन फाल्काटा हा निराळाच पानझडी वृक्ष पुढे येतो. म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात नावावर न जाता पाला पाहूनच घ्यावा.

पाल्याची खरी ओळख जिभेवर पटते. एकदोन पाने चघळून मग साखर तोंडात टाकली तर ती वाळूसारखी लागते. मीठ मात्र खारटच लागते. हा परिणाम अर्धा ते एक तास टिकतो. एजवर्थ यांनी 1847 मध्ये ही गोष्ट युरोपीय शास्त्रज्ञांच्या नजरेस आणली आणि 1887 मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून जिम्नेमिक आम्ल वेगळे केले. ते एकच द्रव्य नसून ट्रायटर्पिनॉइड सॅपोनिनांचा गट आहे, हे पुढे कळले. ही द्रव्ये जिभेवरील गोड चवीच्या ग्राहीला चिकटून त्याचे काम तात्पुरते बंद पाडतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेशी संबंधित म्हसकर व कायस यांनी 1930 मध्ये या वेलीवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. जिभेवरची साखर मारणे आणि रक्तातली साखर उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी. नावामुळे त्यांची गल्लत होते आणि विक्रेत्यांना ती सोयीचीच पडते.

स्थूलतेतून येणारा मधुमेह. पोटातल्या अवयवांभोवती चरबी साठली की यकृत व स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडत राहते आणि काही वर्षांनी त्यातील बीटा पेशी कमी पडू लागतात. चरकसंहितेने प्रमेहाचे रुग्ण स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे वेगळे ओळखून त्यांचे उपचारही वेगळे सांगितले आहेत. भारतीयांत मात्र वजनकाटा फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा देहभार निर्देशांक 22.3 इतकाच भरला, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के निघाली. ‘लॅन्सेट’मध्ये 2004 साली आलेली ही जोडी तेव्हापासून दाखल्यादाखल दिली जाते.

या साखळीत गुडमारचा उपयोग तीन ठिकाणी सांगितला जातो: गोड खाण्याची इच्छा कमी होणे, आतड्यातून ग्लुकोज कमी शोषले जाणे आणि बीटा पेशींतून इन्शुलिन अधिक स्रवणे. पहिला परिणाम कोणालाही स्वतःवर अनुभवता येतो. उरलेल्या दोहोंचा आधार मुख्यतः प्राण्यांवरील व वेगळ्या केलेल्या पेशींवरील प्रयोगांचा आहे. इन्शुलिनला दाद न देणे हे जे मूळ दुखणे, तिथेच पुरावा सर्वांत तोकडा. मद्रासच्या संशोधकांनी 1990 मध्ये 22 रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज 400 मिलिग्रॅम अर्क 18 ते 20 महिने दिला. साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. निकाल लक्षवेधी खरा, परंतु कोणाला औषध व कोणाला नुसती गोळी हे गुप्त ठेवून केलेली तुलना त्यात नव्हती. मेक्सिकोत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती होती. चयापचयविकाराचे 24 रुग्ण, दिवसातून दोनदा 300 मिलिग्रॅम, 12 आठवडे. अर्क घेणाऱ्यांचे वजन घटले. इन्शुलिनचा स्राव व संवेदनशीलता मात्र होती तशीच राहिली.

चाचण्यांत वापरतात तो अर्क आणि घरचे चूर्ण यांत अंतर आहे. बाजारातील अर्कावर जिम्नेमिक आम्लांचे प्रमाण, बहुधा 25 टक्के, छापलेले असते. वाळवलेल्या पाल्यात ते जागा, हंगाम व साठवण यांप्रमाणे बदलते. लखनौच्या दोन सरकारी प्रयोगशाळांनी तयार केलेल्या बीजीआर-34 या गोळीत गुडमारबरोबर दारुहळद, गुळवेल, विजयसार, मंजिष्ठा व मेथीही आहे, त्यामुळे तिच्या परिणामातला गुडमारचा वाटा निराळा काढता येत नाही.

सावधगिरी. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना अर्क घेतल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. यकृताला सूज आल्याची नोंद 2010 मध्ये झाली आहे. गर्भारपणी व अंगावर पाजत असताना अर्क टाळतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी तो थांबवण्यास सांगितले जाते.