ओटी आणि माजघर



दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे राजपुरी खाडीच्या मुखापलीकडे जंजिऱ्याचा तट पाण्यातून वर आलेला दिसतो. 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत तेथे सिद्दींची सत्ता होती, आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज बोलावयाचे आहे ते या किनाऱ्यावरील जुन्या घरांविषयी. त्यांच्या भिंतींनीही एक सीमा राखली होती. बखरकारांनी मात्र तिची दखल घेतली नाही.

येथील पाऊस 100 इंचांहून अधिक. म्हणून छपरे उतरती, वळचण हाताला लागेल इतकी खाली आणि खिडक्या लहान. अंगणामागे पडवी, मग ओटी. तिच्या आत माजघर, त्याला लागून देवघर व स्वयंपाकघर. पाहुणा, भिक्षुक, कुळे, मुंबईचे वर्तमान, सारे ओटीवर येऊन थांबे. साहजिकच जमिनीचा व राजकारणाचा विचार तेथे, झोपाळ्यावर बसून होई. माजघरात उजेड येई तो दारातून, आणि वर्तमानही दारातूनच, अर्धेमुर्धे. माजघराची ऊब खरी होती, हे मी नाकारीत नाही. परंतु 'बायकांना घरापलीकडचे काय कळते?' हे ओटीवर बसून म्हणणे फारच सोपे होते!

अस्पृश्य मानलेल्या गावकऱ्याला तर ओटीही बंद होती. ही रेघ घरापासून पाणवठ्यापर्यंत गेलेली होती. 1927 साली डॉ. आंबेडकरांनी ती आजच्या याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, ओलांडली.

घाटावर, पुण्याच्या वाड्यांत, भर पडली ती माडीची. 1873 साली अकराव्या वर्षी रमाबाई रानड्यांच्या घरी आल्या. दिवसा खाली वडीलधाऱ्या बायकांत वावरावयाचे, रात्री पतीजवळ अभ्यास करावयाचा. आणि शिकलेले खाली कोणाच्या कानी गेले की टोमणे ऐकावयाचे. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत ही ओढाताण वाचावयास मिळते. लेखन करू पाहणाऱ्या स्त्रीस पैसा आणि स्वतःची खोली हवी, असे इंग्लंडात व्हर्जिनिया वूल्फ यांनी लिहिले ते 1929 साली. रमाबाईंना मिळाली ती खोली पतीची, तीही रात्रीपुरती. तेवढ्यावर त्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभे केले.

पुढे कोकणचे गडी मुंबईच्या गिरण्यांत गेले, त्यांच्यामागून बिऱ्हाडे गेली. 1920 नंतर वरळी, नायगाव येथे सरकारने बांधलेल्या चाळींत एका कुटुंबास सुमारे 160 चौरस फुटांची एकच खोली मिळे. त्या हालांचे कौतुक कोणी करू नये. पण तेथे कोणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागला म्हणजे चुलीपाशी बसलेल्या बाईच्याही कानी ते पडे. कारण तिला आत पाठवावयास 'आत' असे काही उरलेच नव्हते.