डावानं का गड्यानं?

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणारे गावोगावचे क्लब आहेत. मोठा चषक त्यांच्या वाट्याला बहुधा येत नाही, तरी बाप आणि मुलगा दर शनिवारी मैदानावर हजर! आमच्या वऱ्हाडात असा फुटबॉल क्लब नव्हता. पण हरणाऱ्या संघावर जीव लावायची हौस आम्हीही पुरेपूर भागवून घेतली. आमचा संघ म्हणजे रणजी करंडकात खेळणारा विदर्भ.

थोडा इतिहास सांगतो, मास्तरकीची सवय जात नाही. १९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ते झालं नाही. १९५६ मध्ये आपण मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण १९५७-५८ च्या हंगामापासून रणजीत विदर्भ नावाचा संघ खेळू लागला. महाराष्ट्राचे संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातही पहिले दोन पश्चिम विभागात आणि आपण मध्य विभागात, राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्या पंगतीला. राज्य मिळालं नाही, संघ मिळाला. वेगळं राज्य हवं की नको यावर घरोघरी मतभेद होते, आमच्याही घरात होते. पण पेपरात 'विदर्भ' हे नाव मुंबईच्या बरोबरीनं छापून आलं की दोन्ही बाजूंना बरं वाटे.

नाव छापून यायचं, पण खाली निकालही असायचा ना! मी अकोल्याचा, बी.ए. अमरावतीला केलं. खेळाच्या पानावर अगदी कोपऱ्यात, बारीक टायपात धावफलक असे. वाचनालयात तो शोधायला भिंग लागावं. पुढे नोकरीत चौकातला चहावाला रोज विचारायचा, "काय गुर्जी, डावानं हारले का गड्यानं?" हरले का, हा प्रश्नच नसायचा. सामना अनिर्णित राहिला तर त्या दिवशी चहा त्याच्यातर्फे.

कधी नागपूरला सामना पाहायला जायचं. अमरावतीहून आधी बडनेऱ्याला यायचं, मग नागपूरची गाडी. सदरचं व्हीसीएचं मैदान, डिसेंबरचं कोवळं ऊन, डब्यात पोळी-ठेचा. प्रेक्षक इतके थोडे की दुसऱ्या दिवशी एकमेकांना चेहऱ्यानं ओळखायचो. शेताकडे कापूस वेचणी चालू असायची आणि आमचे घरचे विचारायचे, हरणाऱ्यांना पाहायला गाडीभाडं कशाला घालवता? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आपल्या घरातलं पोर नापास झालं तर आपण शेजारच्या हुशार पोराचे पालक होत नाही, एवढंच मला कळत होतं.

हुशार पोरं तर बाहेरच जात. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मले, पण नाव झालं ते इंदूरच्या होळकरांकडे. होळकर संघानं चारदा रणजी जिंकली. आपल्या विदर्भाकडून खेळणारा खेळाडू कसोटीत उतरायला मात्र २०११ उजाडलं, तो उमेश यादव. त्याआधी २००२-०३ मध्ये रणजीत एलिट आणि प्लेट अशा दोन पायऱ्या झाल्या, आणि आपला मुक्काम बरीच वर्षं खालच्या पायरीवर. फुटबॉलची खालची डिव्हिजन ती हीच.

मग २०१७-१८ चा हंगाम आला. उपांत्य सामन्यात कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं, रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान कोणतं? इंदूरचं होळकर! गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला ९ गडी राखून विजय. साठ वर्षं लागली. आमच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं तर प्रथम श्रेणीतलं पदार्पणच त्या अंतिम सामन्यात केलं.

काही जण म्हणाले, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफर मुंबईचा, मग यात आपलं काय? मला हे पटत नाही. शाळेत चांगले शिक्षक बाहेरगावचे असले म्हणून निकाल परगावचा होत नाही. पेपर लिहिणारा कर्णधार फैज फझल आपला, गुरबानी आपला, वाडकर आपला. पुढच्याच वर्षी पुन्हा करंडक, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा. अमरावतीचा जितेश शर्मा २०२३ मध्ये भारताकडून खेळला. ऑक्टोबर २०२५ च्या इराणी करंडकात अकोल्याच्या अथर्व तायडेनं १४३ धावा काढल्या.

आता निकाल मोबाईलवर, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येतो. आनंद आहेच. पण आजची पोरं विदर्भाला जिंकणारा संघ म्हणूनच ओळखतात आणि एखादा सामना गेला की चिडतात. त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो, जिंकणाऱ्यामागे कोणीही उभं राहतं. पुन्हा कधी खालच्या पायरीवर जायची वेळ आली तर धावफलक शोधून वाचा. आम्ही वाचत होतो, म्हणून १ जानेवारीचा तो दिवस आम्हाला एवढा मोठा वाटला.

असो. चहावाला आज नाही. नाहीतर तोच विचारता, "गुर्जी, डावानं जिंकले का गड्यानं?"