ट्रॅक कुणी बांधला? गो-कार्टिंगची एक बाजूला पडलेली गोष्ट

गो-कार्ट म्हटलं की बहुतेकांना मॉलमधली ती दहा मिनिटं आठवतात. हेल्मेट घालायचं, मित्राला मागून ठोकायचं, उतरल्यावर रील टाकायची. मजा येते, वाद नाही. पण आज जी गोष्ट सांगणार आहे ती त्याच बुटक्या गाडीची आहे, आणि ती मायकेल शूमाकरच्या गावातून सुरू करूया.

शूमाकरचा किस्सा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. वडील रोल्फ गवंडीकाम करायचे. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या पायडलच्या गाडीला मोपेडचं छोटं इंजिन बसवून दिलं. पोरगा ती घेऊन सुसाट निघाला आणि थेट दिव्याच्या खांबावर जाऊन आदळला. मग वडिलांनी त्याला केर्पेनच्या कार्टिंग क्लबमध्ये नेलं. पुढे सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन वगैरे आपल्याला पाठ आहे.

आता मला सांगा, केर्पेनसारख्या छोट्या गावात कार्टिंगचा ट्रॅक आधीपासून कसा काय होता?

तो वोल्फगांग फॉन ट्रिप्स नावाच्या माणसामुळे होता. हा केर्पेनजवळच्या हॉरेमचा, सरदार घराण्यातला, फेरारीचा ड्रायव्हर. १९६१ मध्ये त्याने आपल्या भागात मुलांसाठी कार्टिंगचा ट्रॅक सुरू केला. त्याच वर्षी तो फॉर्म्युला वनच्या गुणतक्त्यात पहिल्या नंबरवर होता, जर्मनीला पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळणार असं दिसत होतं. १० सप्टेंबर १९६१, इटलीत मोंझाची शर्यत. दुसऱ्याच लॅपमध्ये जिम क्लार्कच्या गाडीशी टक्कर झाली, ट्रिप्सची गाडी बाजूच्या चढावरून लोकांमध्ये गेली. ट्रिप्स गेला, त्याच्यासोबत १५ प्रेक्षकही गेले.

शूमाकर जन्मला १९६९ साली. म्हणजे ट्रिप्सला हा मुलगा कधी दिसलाच नाही. पण ट्रॅक उरला होता. पुढे रोल्फ शूमाकर तो ट्रॅक चालवायला लागले, कार्ट दुरुस्त करायला लागले, आई तिथलं कँटीन बघायची. पोरगा दुसऱ्यांनी टाकून दिलेले टायर लावून सराव करायचा. तरी पैसे पुरायचे नाहीत, तेव्हा गावातल्या काही व्यावसायिकांनी हात दिला. वय आडवं आलं तेव्हा शेजारचा देश कामी आला: जर्मनीत कार्टचं लायसन्स १४ व्या वर्षी मिळायचं, म्हणून १२ व्या वर्षी ते लक्झेंबर्गहून काढलं. नंतर याच केर्पेनमध्ये सेबास्टियन व्हेट्टेल नावाचं पोर शर्यती करायला लागलं. शूमाकरच्या हातून बक्षीस घेतानाचे त्याचे लहानपणचे फोटो आहेत. तो चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला. हिशोब करा. एका गावातल्या क्लबातून अकरा जगज्जेतेपदं.

टॅलेंटच्या गोष्टी आपल्याला आवडतात. माझं मत असं की या खेळाचा इतिहास टॅलेंटपेक्षा जागेचा जास्त आहे. जागा कुणी दिली आणि ती कुणी टिकवली, याचा.

सुरुवातच बघा ना. १९५६, कॅलिफोर्निया. आर्ट इंगल्स नावाचा माणूस कर्टिस क्राफ्ट या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कंपनीत कामाला. दिवसा इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी गाड्या बनवायच्या, संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचे उद्योग. लू बोरेली या मित्राच्या मदतीने त्याने पाइप वेल्ड करून एक सांगाडा केला, चार छोटी चाकं लावली आणि मागे वेस्ट बेंडचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. ही इंजिनं गवत कापायच्या मशीनसाठी बनवली होती, पण ती मशीन काही चालली नाही आणि इंजिनं पडून राहिली. म्हणजे जगातली पहिली गो-कार्ट अक्षरशः न खपलेल्या मालातून तयार झाली.

चालवायची कुठे? पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. रविवारी मोकळं असायचं. बघता बघता तिथे माणसं जमायला लागली. मग गोंगाटाच्या तक्रारी आल्या, पोलिस आले, आणि मंडळींना बाहेर काढलं. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळलेल्यांना हा प्रकार नवीन नाही! गँग तिथून एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गेली. तोवर डफी लिव्हिंगस्टन आणि रॉय डेसब्रो या सायलेन्सरचं दुकान चालवणाऱ्या दोघांनी आणखी एका साथीदाराला घेऊन गो-कार्ट बनवायची कंपनी काढली होती. 'गो कार्ट' हे नावही याच टोळक्यातून आलं. हाकलून हाकलून कंटाळल्यावर त्यांनी अझुसा या गावी स्वतःचा ट्रॅकच बांधला.

पण गरिबांचा खेळ फार दिवस गरीब राहत नाही. १९५९ मध्ये मॅकलक या करवती बनवणाऱ्या कंपनीने चेनसॉच्या इंजिनावरून खास कार्टसाठी इंजिन काढलं, एमसी-१०. ते पडीक इंजिनांपेक्षा वेगवान होतं. एकाने घेतलं की शेजाऱ्याला घ्यावंच लागतं. इथून जी चढाओढ सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्टिंग आयोग स्थापन झाला, १९६४ मध्ये पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, आणि खेळ युरोपातल्या कारखान्यांच्या हातात गेला.

तरीही हा खेळ शिकवतो काय, ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय लहान वयाचा मुद्दा कळणार नाही. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागचा अ‍ॅक्सल म्हणजे एक सलग दांडा. बैलगाडीची दोन चाकं निदान सुटी सुटी फिरतात, इथे तेही नाही, दोन्ही एकाच वेगाने फिरणार. मग वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर आणि आतल्याला कमी, हे जमायचं कसं? आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचलावं लागतं. ते काम कार्टची चेसिस करते. स्टिअरिंग फिरवलं की ती जराशी पिळली जाते, वजन बाहेरच्या बाजूला जातं आणि आतलं चाक सुटतं. ड्रायव्हरचं अंग हा त्या यंत्राचाच भाग आहे. ब्रेक कधी सोडायचा, हात किती हलका ठेवायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. आठ-नऊ वर्षांचं पोर हे सायकलसारखं अंगात मुरवून घेतं. विशीत सुरू केलं तरी येतं, पण घासावं खूप लागतं.

आयर्टन सेना चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवताच्या मशीनचं एक हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेली कार्ट दिली होती. १९७३ मध्ये, तेराव्या वर्षी, तो इंटरलागोसला पहिली शर्यत लढला. नंतर इटालियन संघाकडून वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी उतरला. १९७९ ला दुसरा, १९८० ला पुन्हा दुसरा. कार्टिंगचं जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. आणि १९९३ मध्ये अ‍ॅडलेडच्या पत्रकार परिषदेत त्याला विचारलं, कुणाशी लढताना सर्वात समाधान मिळालं? सगळ्यांना वाटलं प्रॉस्टचं नाव येणार. त्याने नाव घेतलं टेरी फुलर्टनचं, कार्टिंगमधल्या जुन्या सहकाऱ्याचं. तिथे निव्वळ शर्यत होती, राजकारण नव्हतं, पैसा नव्हता, अशा अर्थाचं तो बोलला. फुलर्टन फॉर्म्युला वनमध्ये कधी गेलाच नाही.

'पैसा नव्हता' हे मात्र आज कुणी म्हणणार नाही. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी त्याला जुनी कार्ट घेऊन दिली आणि ती पळती ठेवण्यासाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या. पोरगा १३ वर्षांचा असताना मॅकलॅरेनने जबाबदारी घेतली म्हणून बरं. ज्यांची कुणी घेतली नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

यावर एक उपाय मला फार आवडतो. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी १२५ सीसीचं असं इंजिन आणलं, ज्याला सील असतं. उघडायचं नाही. म्हणजे श्रीमंत बापाने महागडा ट्यूनर लावला तरी उपयोग मर्यादित. आणि २००० पासून त्यांच्या जागतिक फायनलमध्ये कार्ट आणि इंजिन सोडत काढून वाटतात. तुमच्या वाट्याला येईल ते घ्या आणि पळवा. आपल्याकडची राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धाही बरीच वर्षं याच रोटॅक्स इंजिनांवर झाली.

आता आपल्याकडे येऊ. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये तिथे पोचला, आणि त्याची सुरुवात फॉर्म्युला मारुतीमधून झाली. मारुती ८०० च्या इंजिनावर ही छोटी रेसिंग कार कोइम्बतूरच्या एस. करीवर्धन यांनी बनवली होती, का, तर पोरांना परवडणारी गाडी मिळावी म्हणून. करीवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. आज कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाने आहे. ट्रिप्सची आठवण झाली की नाही?

महाराष्ट्रात हे काम कोल्हापूरने केलं. उद्यमनगरातल्या लेथ मशिनी, फाउंड्री, ऑइल इंजिनं, हे ज्या शहराच्या अंगात आहे तिथे रेसिंग रुजलं यात मला आश्चर्य वाटत नाही. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोदी, ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक, ही सगळी कोल्हापूरची पोरं. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ च्या फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडला गेलेल्या तिघांपैकी एक. त्याने २०२० मध्ये साखिरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. मुंबई-पुण्यात जागेचा भाव बघता ट्रॅक चालवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तासभर भाड्याने कार्ट दिली तर पैसे सुटतात, दहा वर्षांच्या पोराला शिकवत बसलं तर सुटत नाहीत. त्यामुळे मजेचे ट्रॅक निघतात, शिकायचे ट्रॅक कमी.

आणि मजेच्या ट्रॅकवर शिस्त ढिली असली तर काय होतं तेही बोलायला हवं. लांब केस किंवा ओढणी मागच्या फिरत्या अ‍ॅक्सलमध्ये अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. अ‍ॅक्सलवर झाकण असणं, केस हेल्मेटच्या आत बांधून घेणं, झेंडा घेतलेला माणूस जागेवर असणं, एवढ्या साध्या गोष्टी. क्लब असतो तिथे कुणीतरी ओरडणारा काका असतो. तो ओरडतो म्हणून पोरं सुखरूप घरी जातात.

इंगल्सचं गॅरेज आज कुठे बघायचं असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जा. पाइप वाकवून, रात्री जागून, वर्गणी काढून पोरं कार्ट बनवतात, स्पर्धेला नेतात. स्पर्धा संपली की ती कार्ट शेडमध्ये ताडपत्रीखाली. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या कॉलेजात अशी कार्ट पडून असेल, तर एखाद्या प्राध्यापकाला गाठा. कॅम्पसच्या बंद मैदानात टायर रचून, वेग कमी ठेवून, शाळेतल्या पोरांना शिकवता येईल का, विचारा तरी.

आणि घरात धाकटं भावंड असेल, त्याला खरंच यात रस असेल, तर जवळच्या ट्रॅकवर जाऊन तीन गोष्टी बघा. लहान मुलांसाठी वेगळी, कमी ताकदीची कार्ट आहे का. गर्दी नसलेल्या वेळी सरावाचा वेगळा दर आहे का. आणि प्रत्येक लॅपचा टाइम छापून देतात का. देत असतील तर एक वही घ्या आणि तारीख घालून तो टाइम लिहायला लागा. चला, भेटू पुढच्या भागात.