बाष्पापासून चूर्ण : पनवेलची रसविद्या आणि लेसर

मुंबईहून गलबताने पनवेल बंदरात उतरायचे आणि बोरघाट चढून पुणे गाठायचे, हा जुना प्रवासक्रम १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागल्यावर मागे पडला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८७२ मध्ये, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी याच गावी धूतपापेश्वर ही औषधनिर्माणसंस्था उभारली, आणि भस्मे व रसकल्प, म्हणजे पारा घातलेली औषधे, यांमुळे अतिसूक्ष्म चूर्णाची विद्या पनवेलशी जोडली गेली.

भस्मासाठी शुद्ध केलेले धातू वनस्पतींच्या रसात घोटून, मातीच्या बंद शरावांत घालून, गोवऱ्यांच्या आगीत पुनःपुन्हा भाजतात; तयार भस्म बोटांच्या रेषांत शिरावे आणि पाण्यावर तरंगावे, अशी त्याची परीक्षा असते. रससिंदुराचा मार्ग वेगळा आहे. पारा आणि गंधक यांची काळी कज्जली कापडमातीचे सात थर दिलेल्या काचकुपीत भरून ती कुपी वालुकायंत्रात, म्हणजे वाळूने भरलेल्या भांड्यात, ठेवतात. आच मृदू, मध्य व तीव्र अशी चढवत नेल्यावर जादा गंधक जळून जातो, मग कुपीला बूच बसते, आणि बाष्प होऊन वर गेलेला पाऱ्याचा गंधकसंयोग गळ्याशी लाल थर होऊन जमतो.

अमेरिकेतील एमआयटीत जॉन हॅगर्टी आणि रॉजर कॅनन यांनी १९८०च्या सुमारास विकसित केलेली लेसरपद्धतही बाष्पापासूनच चूर्ण घडवते, पण तिथे उष्णतेची वाटच बदलते. सिलेन या सिलिकॉनयुक्त वायूचा झोत कार्बन डायऑक्साइड लेसरच्या किरणाला आडवा सोडला असता १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तो वायू स्वतःच शोषतो, पात्राच्या भिंती थंड राहतात आणि क्षणार्धात कण बनतात. सोबत अमोनिया असल्यास सिलिकॉन नायट्राइड, हायड्रोकार्बन वायू असल्यास सिलिकॉन कार्बाइड. हे कण बहुधा गोल आणि मीटरच्या एक कोट्यंश भागाहूनही लहान असतात. इंजिनाच्या सिरॅमिक भागांत भरड कणांच्या गाठींपाशी तडे सुरू होत असल्याने अशा चूर्णाची गरज होती. मात्र सिलेन महाग, शिवाय हवेत आपोआप पेट घेणारा.

भस्मांना आणि रसकल्पांना सरसकट ‘नॅनो’ ठरवण्याचा हल्लीचा उत्साह इथे आवरता घ्यावा लागतो. लेसरच्या झोतात नवा पदार्थ थेट चूर्णरूपात जन्मतो, तर कुपीच्या गळ्याशी धरलेला घट्ट थर काच फोडून काढावा लागतो आणि औषधात जाण्यापूर्वी पुन्हा खलात घोटावा लागतो.