ट्रेडमिल

एका जागी राहून चालता वा धावता यावे यासाठी तयार केलेले यंत्र. दोन रुळांवरून फिरणारा अखंड पट्टा, त्याखालील फळी व पट्टा फिरविणारी विद्युत् मोटर हे आजच्या घरगुती ट्रेडमिलचे मुख्य भाग होत. ‘ट्रेडमिल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पायांनी तुडवून चालविण्याची गिरणी’ असा आहे. मूळ यंत्रात माणूस चाकाला गती देत असे. आजच्या यंत्रात पट्ट्याची गती माणसाला पाळावी लागते. उत्पादक श्रमाचे साधन, शिक्षेचे साधन, शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील उपकरण आणि घरातील व्यायामाचे साधन अशी चार रूपे या यंत्राने घेतली. यंत्राची गती कोणी ठरवावयाची व ते कोणी थांबवावयाचे, हा प्रश्न या चारही अवस्थांत महत्त्वाचा ठरला. घरासाठी ट्रेडमिल निवडतानाही तो टाळता येत नाही.

पदचक्रे : माणसाच्या वजनाने फिरणारी मोठी चाके रोमन काळात वापरात होती. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या दहाव्या भागात अवजड वस्तू उचलण्याच्या व पाणी उपसण्याच्या यंत्रांचे वर्णन करताना अशा चाकांचा उल्लेख केला आहे. रोममधील हातेरी घराण्याच्या थडग्यावरील शिल्पपटात (सु. इ. स. १००) यारीचे चाक आतून तुडवून फिरविणारी माणसे दिसतात. मध्ययुगीन यूरोपात मोठ्या चर्चच्या बांधकामावर आणि बंदरांत अशा याऱ्या उभारलेल्या असत. थोरला पीटर ब्रूगेल या चित्रकाराने १५६३ मध्ये रंगविलेल्या बेबलच्या मनोऱ्याच्या चित्रातही असे चाक आहे. चाकाचा व्यास त्याच्या आसाच्या व्यासाहून जितका मोठा, तितके जास्त ओझे थोड्या बळाने उचलता येते. मात्र त्या प्रमाणात चालावेही जास्त लागते. केरळातील कुट्टनाड भागात शेतातील पाणी उपसण्यासाठी पायांनी फिरवावयाचे ‘चक्रम’ याच जातीचे होय.

या कामी जनावरेही लावीत. आपल्याकडे घाण्याला जुंपलेला बैल वर्तुळात फिरतो. इंग्लंडमधील स्वयंपाकघरांत मांस भाजण्याची सळई फिरविण्यासाठी भिंतीवरील चाकात कुत्रा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतील शेतकरी मळणीयंत्र चालविण्यासाठी घोड्याला लाकडी पट्ट्यांच्या उतरत्या, सरकत्या फरशीवर चालवीत. चाकाऐवजी अखंड सरकणारी ही फरशी रचनेने आजच्या ट्रेडमिलला सर्वांत जवळची आहे.

शिक्षेचे साधन : ब्रिटिश अभियंता विल्यम क्यूबिट (१७८५–१८६१) याने १८१८ च्या सुमारास कैद्यांना कामाला लावण्यासाठी एक पदचक्र तयार केले. लांबट दंडगोलाच्या परिघावर सु. २० से.मी. उंचीच्या पायऱ्या बसविलेल्या असत. कैदी शेजारीशेजारी उभे राहून समोरची दांडी धरीत आणि पायाखालून सतत खाली जाणाऱ्या पायऱ्या चढत राहत. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात १८२१ मध्ये बसविलेल्या अशा चक्रावर धान्य दळले जाई. पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्येही असे चक्र सुरू झाले. अनेक तुरुंगांत मात्र चक्राला कोणतेही उपयुक्त यंत्र जोडलेले नव्हते. कैदी केवळ हवा कापणारे पंखे फिरवीत. अशा श्रमाला तुरुंगात ‘वारा दळणे’ म्हणत. श्रमातून काही निष्पन्न न होणे हाच त्या शिक्षेचा गाभा होता.

वेस्ट इंडीजमध्ये हे यंत्र अधिक क्रूर हेतूने वापरले गेले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली. तथापि ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत मुक्त गुलामांना पूर्वीच्या मालकांकडेच सक्तीने काम करावे लागे. जमेकातील सुधारगृहांत त्यांना पदचक्रावर चढवीत व गती राखता न आल्यास चाबकाचे फटके मारीत. जेम्स विल्यम्स या तरुणाने सांगितलेला आपला वृत्तांत १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि उमेदवारीची पद्धत मोडून काढण्याच्या चळवळीला त्याचे मोठे साहाय्य झाले.

इंग्लंडमधील १८६५ च्या तुरुंग अधिनियमाने पदचक्राची गणना पहिल्या वर्गाच्या सक्तमजुरीत केली. लेखक ऑस्कर वाइल्ड याला १८९५ मध्ये दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली, तेव्हा त्यालाही हे चक्र तुडवावे लागले. १८९८ च्या तुरुंग अधिनियमानंतर ही शिक्षा बंद पडत गेली. हिंदुस्थानातील तुरुंगांत सक्तमजुरीची ओळख चक्की व घाणा यांनी झाली. अंदमानच्या कारागृहात राजबंद्यांना तेल गाळण्याच्या कोलूला जुंपले जाई. १९११ मध्ये तेथे नेण्यात आलेल्या वि. दा. सावरकरांनाही ते काम करावे लागले. साधने वेगळी असली, तरी ठराविक वेगाने फिरत राहणे आणि स्वेच्छेने थांबता न येणे हे दोहोंत समान होते.

प्रयोगशाळेतील उपकरण : श्रम मोजण्याचे साधन म्हणून पदचक्राचा विचार तुरुंगातच सुरू झाला. एडवर्ड स्मिथ (१८१९–७४) या इंग्रज वैद्याने १८५०–६० या दशकात लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातील चक्रावर श्वसनाची मापने केली आणि ते चक्र स्वतःही तुडविले. श्रम करताना उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड कितीतरी वाढतो. परंतु मूत्रातील यूरिया त्या प्रमाणात वाढत नाही, असे त्याला आढळले. स्नायूंच्या कामासाठी मुख्यतः प्रथिनेच खर्ची पडतात, या तत्कालीन समजुतीला या निरीक्षणांनी धक्का दिला. कैद्यांच्या आहाराचा प्रश्नही त्यामुळे शास्त्रीय पातळीवर आला.

बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात नाथान त्सुन्ट्स (१८४७–१९२०) यांनी १८८९ मध्ये कुर्ट लेमान यांच्यासह घोड्यांच्या श्वसनाचा व ऊर्जाव्ययाचा अभ्यास सरकत्या पट्ट्यावर केला. येथे यंत्राची भूमिका पालटली. पट्ट्याला बाहेरून गती देऊन वेग व चढ हवे तसे राखता येऊ लागले आणि त्यावर चालणाऱ्या प्राण्याची ऑक्सिजनची गरज मोजता येऊ लागली. अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठाच्या श्रमक्लांती प्रयोगशाळेत (१९२७–४७) माणसांवर असे प्रयोग पद्धतशीरपणे झाले.

रंगभूमीनेही हे तंत्र उचलले होते. न्यूयॉर्कमध्ये १८९९ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘बेन हर’ या नाटकातील रथांच्या शर्यतीत खरे घोडे सरकत्या पट्ट्यांवर धावत. माणसाच्या व्यायामासाठी असलेल्या अशा यंत्राचे एकस्व अमेरिकेत १९१३ मध्ये क्लॉड हेगन यांना मिळाले.

वैद्यकात या यंत्राला स्थान मिळवून दिले ते सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हृद्‌रोगतज्ञ रॉबर्ट ब्रूस (१९१६–२००४) यांनी. वेन क्विंटन या अभियंत्याने १९५० नंतर तयार केलेल्या ट्रेडमिलवर त्यांनी श्रम वाढवीत नेण्याची चाचणी विकसित केली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या रूपात दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढतात. पहिल्या टप्प्यात वेग ताशी २·७ किमी. व चढ १०%, दुसऱ्यात ४ किमी. व १२%, तर तिसऱ्यात ५·५ किमी. व १४% असतो. विश्रांतीत न दिसणारा हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अपुरेपणा श्रमाच्या वेळी काढलेल्या विद्युत्-आलेखात व्यक्त होऊ शकतो, हे या चाचणीमागील तत्त्व होय. आपल्याकडे ‘टी. एम. टी.’ म्हणून परिचित असलेली चाचणी ती हीच. रुग्णाला छातीत दुखल्यास, घेरी आल्यास वा आलेखात धोक्याची चिन्हे दिसल्यास ती ताबडतोब थांबवितात. तुरुंगातील चक्रावर जे नव्हते, ते थांबण्याचे निकष येथे पद्धतीचाच भाग झाले.

घरगुती ट्रेडमिल : अमेरिकन वैद्य केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले व धावण्याच्या व्यायामाचा प्रसार झाला. न्यू जर्सीतील यांत्रिक अभियंता विल्यम स्टॉब (१९१५–२०१२) यांनी ते वाचून, प्रयोगशाळेतील महागडे उपकरण सामान्य घरात यावे म्हणून स्वस्त ट्रेडमिल तयार केली. ‘पेसमास्टर’ या नावाने ती बाजारात आली. २०२० च्या करोना साथीतील टाळेबंदीत घरगुती ट्रेडमिलची मागणी बरीच वाढली. अवकाशातही तिचा उपयोग होतो. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांची हाडे व स्नायू क्षीण होतात. त्यामुळे त्यांना ताणपट्ट्यांनी ट्रेडमिलकडे खेचून धरून धावावे लागते. भारतीय वंशाच्या अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात बॉस्टन मॅरेथॉनचे अंतर अशा रीतीने पूर्ण केले.

निवडीचे निकष : पट्टाच पाय मागे ओढतो, म्हणून ट्रेडमिलवर श्रम पडत नाहीत, हा समज चुकीचा आहे. पट्ट्याचा वेग स्थिर असेल, तर गतिविज्ञानाच्या दृष्टीने पट्ट्यावर धावणे व जमिनीवर धावणे सारखेच. फरक मुख्यतः हवेच्या विरोधाचा असतो. जोन्स व डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, धावताना १% चढ ठेवल्यास हा फरक भरून निघतो. कठडे धरून चालल्यास मात्र श्रम खरोखरच कमी होतात.

मोटरची क्षमता पाहताना क्षणिक कमाल अश्वशक्तीचा आकडा फसवा ठरतो. सतत देता येणारी अश्वशक्ती विचारात घ्यावी. (१ अश्वशक्ती = सु. ७४६ वॉट.) चालण्यासाठी सु. २ व नियमित धावण्यासाठी सु. ३ सतत अश्वशक्ती सर्वसाधारणपणे पुरेशी मानतात. वजनदार व्यक्ती सावकाश चालत असताना मोटरवर ताण अधिक येतो. कारण पाय टेकताना वाढणारे घर्षण तिला कमी फेऱ्यांत पेलावे लागते. म्हणून घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीच्या मानाने यंत्राची वजनमर्यादा पुरेशी जास्त असावी. चालण्यासाठी सु. १२० से.मी. लांबीचा पट्टा चालतो. धावताना, विशेषतः उंच व्यक्तीला, सु. १४० ते १५० से.मी. लांबी आणि ४५ ते ५० से.मी. रुंदी लागते. पट्टा व फळी यांमध्ये ठराविक काळाने सिलिकॉनचे वंगण न घातल्यास घर्षण वाढून मोटर तापते. अर्थिंग असलेला स्वतंत्र विद्युत् जोड आवश्यक आहे. वरच्या मजल्यावरील सदनिकेत धावण्याचा आघात खालच्या घरात ऐकू जातो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

जागेचा हिशेब केवळ यंत्राच्या मापावर करून चालत नाही. घसरलेली व्यक्ती मागे फेकली जाते; म्हणून यंत्राच्या मागे सु. २ मी. व दोन्ही बाजूंना सु. ५० से.मी. जागा मोकळी ठेवावी. लहान खोलीत ट्रेडमिलची पाठ भिंतीला लागलेली असेल, तर पडलेली व्यक्ती भिंत व फिरता पट्टा यांमध्ये अडकू शकते. मागील रुळाखाली मुलांचे हात वा कपडे खेचले जाण्याचा धोकाही खरा आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर व ७० हून अधिक घटना नोंदल्या गेल्यावर एका कंपनीने सु. १,२५,००० ट्रेडमिल परत मागविल्या. दोरीने कपड्याला अडकवावयाची सुरक्षा चावी निसटताच यंत्र बंद पडते. ती प्रत्येक वेळी लावावी आणि वापर संपताच काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. हृद्‌रोग, सांधेदुखी वा तोल जाण्याची तक्रार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच सुरुवात करणे इष्ट होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. तो मैदानावर, रस्त्यावर वा जिन्यावरही होऊ शकतो. ज्याला सुरक्षित रस्ता, अनुकूल हवा वा सवड मिळत नाही, त्याला ट्रेडमिलचा विशेष उपयोग होतो. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी काही दिवस ठरल्या वेळी चालून पाहणे व शक्य असल्यास व्यायामशाळेतील ट्रेडमिल वापरून पाहणे उपयुक्त ठरते. कैद्याला चक्रावर चढविणारी सक्ती घरात नसते. तेथे यंत्र चालू राहते ते वापरणाऱ्याच्या इच्छेवर. जास्तीत जास्त वेग व कार्यक्रमांची संख्या यांपेक्षा, जी ट्रेडमिल सहज सुरू करता येते, आपल्या गतीने चालविता येते आणि हवी तेव्हा निर्धोकपणे थांबविता येते, ती घरासाठी योग्य समजावी.